नऊ लिटर कमी

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांची हरकत असती म्हणून नव्हे, माझाच हात धजत नाही. एका कार्डावर सहीच्या रेघेखाली ते नाव छापलेलं होतं, ते खोडून मी तिथे माझं लिहिलं. एकाच नव्हे, पुष्कळ कार्डांवर. ते कसं झालं ते सांगतेच, पण आधी माणूस सांगू द्या. नुसती चूक सांगितली तर तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात बाई, होतात चुका.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये आमची कंपनी होती. साहेब धरून चौदा माणसं. आम्ही पेट्या बनवायचो. रंगाच्या, औषधांच्या कारखान्यात पाइपातून किती पातळ पदार्थ गेला ते मोजणाऱ्या पेट्या. पाइपात मीटर बसवलेला असतो, तो थोडं थोडं पाणी गेलं की खूण पाठवतो, आणि आमची पेटी त्या खुणांची बेरीज करून वरच्या काचेत आकडा दाखवते. काम एवढंच, पण त्या आकड्यावर कारखान्याचा सगळा माल बनायचा.

ज्यांचं नाव लिहीत नाही ते, आम्हा सगळ्यांचे काका, या पेट्या तपासायचे. तारापूरच्या पुढच्या एका मच्छीमार गावातले. आमच्याकडे यायच्या आधी पालघरला तराजू-काटे दुरुस्त करायच्या दुकानात तीस-पस्तीस वर्षं होते. बघा, हे तीस-पस्तीस त्यांना खपलं नसतं. चौतीस. ‘साधारण’ आणि ‘जवळजवळ’ हे शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारायचे नाहीत. “काका, किती वाजले?” म्हणून विचारलं की “दहा बेचाळीस.” “जेवलात का?” म्हटलं की “साडेतीन भाकऱ्या दिल्या होत्या, अर्धी परत नेतोय.” मी एकदा म्हटलं, “काका, पावणेअकरा म्हटलंत तर काय बिघडेल?” तर म्हणाले, “तीन मिनिटं कुठं ठेवू मग, तुझ्या पदरात?”

चण लहान, रंग काळाभोर, डोक्यावर उन्हाळा-पावसाळा एकच निळी टोपी. पेटी उघडायच्या आधी तिच्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, “येतो हं आत.” पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसून बेजार झाले होते. बाजारात जाताना खिशात स्वतःचं पाव किलोचं माप. बोईसर स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या त्यांना लांबून बघूनच तराजूची पारडी पुसायला लागायच्या. एक तर मला म्हणाली होती, “तुमच्या कंपनीचा तो बाबा ना, मला देव नाय भेटला तरी चालंल, पण सकाळी सकाळी हा नको.” आणि तरी तिच्याकडेच त्यांचा रोजचा भाजीपाला, कारण तिचं वजन बरोबर असायचं आणि ते त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं.

एसटीतली गोष्ट तर सगळ्या शेडला पाठ होती. ते बसमध्ये बसले की माणसं मोजायचे. सवयच. एकदा मोजली त्रेचाळीस, आणि कंडक्टरला विचारलं तिकिटं किती गेली, तर तो म्हणाला बेचाळीस. झालं. हे उठले, “एक माणूस फुकट चाललाय, गाडी थांबवा.” कंडक्टर कावला. मागून पुढून दोनदा सगळ्यांची तिकिटं बघितली. बिनतिकिटाचे निघाले हेच. मोजायच्या नादात स्वतःचं तिकीट काढायचं राहिलं होतं. माणसं पोट धरून हसली. तुम्ही-आम्ही असतो तर खाली मान घालून बसलो असतो. यांनी उभं राहून, टोपी काढून, अख्ख्या बसला सांगितलं, “चूक माझी. कंडक्टरची नाय, गाडीतल्या कुणाची नाय, माझी.” बरं, एवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला जाऊन पुन्हा सांगितलं, कारण काही माणसं आदल्या दिवशी आधीच्या थांब्याला उतरली होती आणि संशय त्यांच्यावर राहायला नको.

ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे. मी पण हसायचे. त्यातलं घ्यायचं ते मात्र मी घेतलं नाही.

आता माझं थोडं. मी बारावी नापास. लग्न होऊन सरावलीला आले, मुलं शाळेला लागली तशी या शेडमध्ये सोल्डरिंगला लागले. प्रोग्राम लिहिणारा इंजिनियर एक दिवस पुण्याला चांगली नोकरी लागून गेला, आणि मागे राहिला त्याचा कॉम्प्युटर, दोन जाडजूड पुस्तकं आणि अर्धा प्रोग्राम. साहेब नवा माणूस शोधत होते. तोवर मी जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात ती पुस्तकं उघडून बसायचे. कळलं नाही ते वहीत जसंच्या तसं उतरवायचे, उतरवता उतरवता कळायचं. नवा माणूस काही मिळाला नाही. मग मीच झाले. शेडमधल्या बायकांना माझं कौतुक, साहेबांना कौतुक, आणि खोटं कशाला सांगू, मला सगळ्यात जास्त.

माझ्यावर पहिल्यांदा विश्वास ठेवला तो काकांनी. मला ते ‘बाय’ म्हणायचे, त्यांच्याकडे लेकीबाळींना म्हणतात तसं. एक अडचण मला महिनाभर सुटत नव्हती. पेटीतला आकडा लहान असेपर्यंत बेरीज बरोबर यायची, पण एकदा का तो पाच आकडी झाला, सत्तर हजार वगैरे, की बारीक बारीक भर त्यात मिसळेनाशी व्हायची. यंत्राला आकडे ठेवायला जागा ठरावीक असते. मोठा आकडा ठेवला की शेवटच्या बारीक भागाला जागाच उरत नाही, तो गळून जातो. मी डोकं धरून बसले होते. काका त्यांच्या डब्यातला सुका जवळा खात होते, त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

ते म्हणाले, “आमची आई हे रोज करायची.”

“काय करायची?”

“जवळा मापायची. चार होड्यांचा जवळा एका ढिगात पडायचा. एकेका होडीची भरली मापं ढिगात. पण शेवटी माप भरत नाय, चिमूटभर उरतं. ते ढिगात टाकलं तर ढीग हाय तेवढाच दिसतो. टाकलं काय नि नाय टाकलं काय. पण बाय, चिमूट खरी असते ना? मग ती बाजूला वाटीत टाकायची. पुढच्या होडीची चिमूट त्याच वाटीत. वाटीवाटीनं माप भरलं की मग ते ढिगात. म्हणून आमच्या आळीत कधी भांडण नाय झालं.”

मी घरी जाऊन त्यावर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी तसंच लिहिलं. दर वेळी बेरीज केली की पाहायचं, जेवढं टाकलं तेवढं खरंच मिसळलं का. न मिसळलेलं वेगळ्या जागी ठेवायचं आणि पुढच्या खेपेला त्यात धरायचं. प्रोग्राममध्ये त्या जागेचं नावसुद्धा मी वाटी ठेवलं. पेटी बरोबर मोजायला लागली. पुढे मला कळलं की मोठमोठे शिकलेले लोकही हेच करतात. साहेबांनी विचारलं कसं सुचलं, तर मी म्हणाले, “बसलं डोक्यात.” बघा, तिथूनच सुरुवात होती.

काकांची तपासायची रीत त्यांची त्यांनाच ठाऊक. दोन पिंप, मध्ये पंप, पाइपात मीटर आणि मीटरला आमची पेटी. एका पिंपातलं पाणी दुसऱ्यात सोडायचं, आणि लिटराच्या मापानं मोजून बांबूच्या कामटीवर चाकूने खूण करायची. एक लिटर, एक खूण. मग त्या खुणा वरून खाली मोजायच्या, नंतर खालून वर. “वरून येताना डोळा सवयीनं येतो. खालून जाताना बघत जातो,” असं म्हणायचे. आणि पेटी कधी शून्यापासून तपासायची नाही. आधी तिच्यात मोठा आकडा भरायचा. “लहान आकड्यावर कुणीपण खरं बोलतंय. मोठा करून विचार.” सगळं पटलं की पेटीला एक पांढरं कार्ड दोऱ्यानं बांधायचं, खाली त्यांचं छापील नाव, वर सही. त्या सहीशिवाय पेटी शेडबाहेर जात नसे. पगार माझा त्यांच्याहून जास्त होता, पण त्या सहीचा मान साहेबांनाही नव्हता. आणि त्यांचं सगळं त्यातच होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर लाज वाटते.

झालं असं. गिऱ्हाइकांची तक्रार यायला लागली की पेटीचं बटण दाबलं तर काचेतला आकडा बदलायला वेळ लागतो. साहेब म्हणाले, “ताई, दाबल्यावर चहा पिऊन यावं लागतं. काहीतरी करा.” मी पंधरा दिवस झगडले. मग एक दिवस कंपायलरच्या सेटिंगमध्ये खूण करायची एक चौकट दिसली. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या बोलीत उतरवून देणारा दुसरा प्रोग्राम. त्याला सांगता येतं, मी लिहिलंय तसं शब्दाला शब्द उतरव, किंवा सांगता येतं, तुझ्या अकलेनं काटछाट कर पण वेगानं पळेल असं दे. त्या दुसऱ्या पर्यायासमोर मी खूण केली. पेटी अशी पळायला लागली की बोट उचलायच्या आत काचेतला आकडा बदले.

साहेबांनी जिलेबी आणली. म्हणाले, “ताईंनी अख्खा प्रोग्राम नव्याने आवळलाय.” मी एक खूण केली होती. मी म्हटलं नाही की एक खूण केलीय. जिलेबी खाल्ली.

त्या नव्या पेट्यांपैकी पहिलीच काकांच्या टेबलावर गेली. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, हातात कामटी.

“बाय, पेटी खोटं बोलते हाय.”

“किती?”

“चाळीस लिटर सोडलं. एकतीस दाखवते. नऊ लिटर कमी.”

आता पुढचं समजण्यासाठी हे सांगितलं पाहिजे की महिन्याभरापूर्वीच काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून यायचे. मी म्हटलं, “काका, पुन्हा मोजून बघा.” त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा नऊ. तिसऱ्यांदा साडेआठ. ते म्हणाले, “ही पेटी जाणार नाय.” पन्नास पेट्या तयार होत्या, गाडी सांगून ठेवलेली. साहेब आले. मी माझ्या टेबलावरच्या पेटीवर तपासून बघितलं, अगदी बरोबर आकडा. साहेब म्हणाले, “एकदाच काय ते सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे.”

दुपारी चहाच्या वेळेला सगळे गोळा झाले. माझी टेबलावरची पेटी आणली, तिला माझ्या कॉम्प्युटरची वायर जोडलेलीच असायची, आतलं बघायला. तोच मीटर, तेच पिंप, तोच मोठा आकडा भरला. काकांनीच पाणी सोडलं, काकांनीच खुणा केल्या. चाळीस खुणा झाल्या. पेटीत चाळीस.

काकांनी खालून वर मोजलं. चाळीस. काळा चष्मा काढला, डोळ्यातून पाणी येत होतं, ऑपरेशनमुळे, आणि पुन्हा वरून मोजलं. पॅकिंगचा एक बिहारी कामगार होता, मनाचा चांगला, पण तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, “चाचा, तो नौ लीटर कौन पी गया?” आणि अख्खी शेड हसली.

मी काय म्हणाले ते लिहिते आता. मी म्हणाले, “काका, डोळ्याला आराम द्या थोडे दिवस. हे काम आता बारीक नजरेचं आहे.” गोड आवाजात म्हणाले. म्हणून जास्त लागलं असणार.

काकांनी कामटी टेबलावर ठेवली. “पण त्या पेटीत कमी आलं होतं, बाय,” एवढंच म्हणाले, आणि ते मला विचारल्यासारखं म्हणाले.

हा प्रसंग मी इतकी वर्षं स्वतःला असा सांगत आले की तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, मी प्रामाणिकपणे चुकले. ते तितकंसं खरं नाही. ते ‘त्या पेटीत’ म्हणाले ना, तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट येऊन गेली. वायर लावलेली पेटी वेगळी असते. आतलं बघता यावं म्हणून तिच्यात मी नेहमी शब्दाला शब्द उतरवलेला सावकाश प्रोग्राम भरते. ती नवी खूण तिच्यात नव्हती. पाणी तेच, मीटर तोच, पण पेटी ती नव्हे. एवढं मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं. जिलेबीचं कसं सांगायचं, हा विचार त्याच्या आधी आला. मग मी चहा घेतला.

साहेबांनी कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे दिला. नवीन छापून येईपर्यंत जुनं नाव खोडून चालवा म्हणाले. मी पन्नास कार्डांवर सह्या केल्या. काकांना पॅकिंगला बसवलं. पुठ्ठ्याला पट्टी लावायची. तिथेही ते पट्टी मोजून कापायचे, पण कापून झाली की शेजारच्याला दाखवायचे, “बघ रे, बरोबर हाय का?” तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही. पाणी प्यायला उठले की कुणीतरी म्हणायचं, “चाचा, नौ लीटर!” ते हसायचे. दीड महिन्यानं म्हणाले, गाडीची दगदग होते, आणि यायचे बंद झाले. निरोपाला चहा-फरसाण झालं. मी त्यांना शाल दिली. ती त्यांनी माझ्याच हातून घेतली.

नंतर चार महिन्यांनी एका रंगाच्या कारखान्यातून फोन आला. तुमची पेटी अडलीय, पाइपातून रंग जातोय आणि आकडा जागचा हलत नाही. मी गेले. पेटीला वायर लावली, सावकाश प्रोग्राम भरला, पेटी शहाण्यासारखी मोजायला लागली. वायर काढली, पळणारा नवा प्रोग्राम भरला, पुन्हा ठप्प. पुढचे तीन दिवस मी जे शोधलं ते शोधणं नव्हतंच खरं तर. काय सापडणार ते मला कळलं होतं, मी ते सापडू नये म्हणून सगळीकडे बघत होते. मीटर बदलला. वायरी बदलल्या. कारखान्याच्या विजेला दोष देऊन झाला. शेवटी वाटीत काय आहे ते काचेवर दाखव म्हणून प्रोग्रामला सांगितलं. शून्य. थोडं पाणी सोडलं, शून्य. तासभर सोडलं, शून्य. इतका वेळ वाटी रिकामी राहील कशी? मग कंपायलरनं यंत्राच्या बोलीत काय उतरवून दिलं ते कागदावर छापून काढलं आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. वाटीच्या ओळीच तिथे नव्हत्या.

कंपायलरचं म्हणणं काय, ते मला नंतर पुस्तकात सापडलं. तुम्ही आधी मिळवता, मग तेवढंच वजा करता, मग बघता काय उरलं. शाळेच्या गणितात याचं उत्तर शून्य. मग शून्यासाठी वेळ कशाला घालवा? म्हणून त्यानं वाटीच काढून टाकली. वेगानं पळण्यासाठी हे करायची परवानगी मीच दिली होती. त्या खुणेच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं होतं, उत्तरं बदलू शकतात. मी ते पान उघडलंच नव्हतं.

मी बेरजेच्या भागापुरती खूण काढली. पेटी बरोबर झाली, वेगही फारसा गेला नाही. अर्ध्या तासाचं काम. पन्नासच्या पन्नास पेट्या परत मागवून नवा प्रोग्राम भरला. साहेबांनी विचारलं काय होतं, मी म्हणाले, “कंपायलरची गडबड होती, साहेब.” साहेबांना तेवढं पुरलं.

तो बिहारी कामगार मात्र पुठ्ठे लावता लावता थांबला. त्यानं हळूच विचारलं, “दीदी, चाचा का नौ लीटर यही था क्या?”

आजूबाजूला कुणी नव्हतं. हो म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. तोच दुसऱ्या दिवशी शेडभर सांगत सुटला असता, माझं काम परस्पर झालं असतं. मी म्हणाले, “नहीं, वो अलग था.”

तो “अच्छा” म्हणाला. मला वाटतं, त्याला कळलं. त्यानंतर त्यानं कधी नऊ लिटरचा विनोद केला नाही.

मी मागच्या वर्षी काम सोडलं. कंपनीही आता दुसऱ्यांनी घेतलीय, चौदातले दोघे-तिघे उरलेत. ज्यांच्यासमोर मी त्या माणसाचा शब्द खाली पाडला, त्यांना एकत्र करून सांगायची सोय राहिली नाही. म्हणून म्हटलं निदान त्यांना तरी जाऊन सांगावं. पाच वर्षांनी. गेल्या महिन्यात बोईसरहून गाडी पकडली आणि विचारत विचारत त्यांच्या दारात गेले.

अंगणात सून परातीत मासळी निवडत बसली होती. काका ओटीवर. थकलेत, पण ओळखलं लगेच. “बाय! अगं ये, ये.” केवढा आनंद झाला त्यांना. मुलांचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून सांगितलेलं सामान आलं. काकांनी पिशवीतले अंड्यांचे नग एकेक करून ताटात ठेवले, बारा, आणि ताट सुनेकडे सरकवलं. “बघ गं, बरोबर हाय का. माझा भरवसा नाय.”

सून माझ्याकडे बघून हसली. “बाबांचं हे असं चालतं आता. बारा अंडी पण मलाच मोजायला लावतात. आधी म्हणे केवढा दरारा होता!”

मला बसवेना. मी तिथेच, सुनेच्या देखत सुरुवात केली. म्हटलं, “काका, तुमचं बरोबर होतं. ती पेटी खरंच नऊ लिटर कमी मोजत होती. चूक माझी होती.” आणि सगळं सांगितलं, सावकाश, काही न लपवता. खूण, जिलेबी, वायरची पेटी, पॅकिंगवाल्याला दिलेलं खोटं उत्तर. त्यांनी मान तिरकी करून पूर्ण ऐकलं. मधे एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाले, “एवढं सांगायला तू बोईसरवरनं आलीस?”

“हो काका.”

“म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून.”

“नाही हो! खरं सांगते. शपथ घेऊ का?”

“अगं, मी तिथंच होतो ना. पाणी मीच सोडलं, खुणा मीच केल्या. वरून मोजलं, खालून मोजलं. चाळीसला चाळीस. तू कशाला आता स्वतःवर ओढून घेतेस?”

“ती पेटी वेगळी होती काका, तिच्यात प्रोग्राम वेगळा...”

“दिसायला एकच होती.”

“दिसायला एकच, पण आत...”

मी पुन्हा समजावलं. कागद मागितला, त्यावर काढून दाखवलं. मी दोन्ही पेट्या घेऊन येते म्हणाले, दोन्ही चालवून दाखवते. तसा त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. “नको, नको. ते पाणी, ते मोजणं, आता नको.” सुनेनं मला डोळ्यांनी खुणावलं, पुरे.

मग ओटीच्या खांबाला धरून उठले. मी हात द्यायला गेले, तो त्यांनी बाजूला केला. समोर नीट उभे राहिले आणि हात जोडले.

“बाय, माझंच तुझ्याकडे एक राहिलं होतं. तू एकटीनं शिकून एवढा प्रोग्राम केलास, आणि मी अधू डोळ्यानं त्याच्यावर नाय तो आळ घेतला. पन्नास पेट्या अडवल्या. तुझं नाव गेलं असतं. तू त्या वेळी बोलली नायस काही, पण माझ्या मनात राहिलं. मला माफ कर.”

सून परात खाली ठेवून बघत होती. मी तोंड उघडलं. अजून एकदा सांगायचं होतं. त्यांचे हात जोडलेलेच होते, आणि माझ्या उत्तराशिवाय ते खाली घेणार नाहीत हे मला दिसत होतं.

“असू द्या, काका,” मी म्हणाले.